अमेरिकेच्या दक्षिणेतल्या छोट्या गावात राहायला जाताना काय बघावं?

प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याची रेसिडेन्सी (डॉक्टरांचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) संपत आली आहे, जे-१ वेव्हरवर (मायदेशी परतण्याची अट माफ, त्याबदल्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात नोकरी) जॉर्जियातल्या चार-पाच हजार वस्तीच्या गावात तीन वर्षं काढायची आहेत. गाव फोटोंत फार देखणं दिसतं, जुनं लाकडी घर घ्यावंसं वाटतं. राहायला कसं असतं?

गाव देखणं असतंच. अटलांटापासून पूर्वेला तासाभरावर मॅडिसन आहे, ते एकदा पाहून या, म्हणजे अंदाज येईल. कोर्टाची इमारत, चौकाभोवती विटांची दुकानं, जवळच्या रस्त्यांवर ओसरीची पांढरी घरं. जॉर्जियात १५९ काउंट्या (आपल्या जिल्ह्या-तालुक्यांसारखे भाग) आहेत आणि बऱ्याच काउंटींच्या मुख्य गावांचा तोंडवळा थोड्याफार फरकाने हाच. पण ओसरीवर भाळण्याआधी घराखाली शिरून बघा.

ही घरं जमिनीला टेकलेली नसतात. विटांच्या खांबांवर दीड-दोन फूट उचललेली असतात आणि खालच्या पोकळीला क्रॉल स्पेस म्हणतात. जुन्या काळी एसी नव्हता, वारा खालून खेळायचा, लाकूड कोरडं राहायचं. आता उन्हाळ्यात वर एसी चालू असतो आणि बाहेरची दमट हवा खाली शिरते. एसीच्या गार डक्टवर (हवेच्या नळांवर) आणि फळ्यांच्या पोटाला पाणी सुटतं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते, मागोमाग वाळवी येते. जुने कपडे घाला, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घ्या. खांबांवर पेन्सिलीएवढ्या जाड मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवीची वाट. कडेच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचा. जोर न लावता आत गेला तर ती तुळई गेली म्हणून समजा. जमिनीवर किमान ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं प्लास्टिक सलग अंथरलेलं हवं, मध्ये माती उघडी दिसता कामा नये.

विकणारा म्हणेल, ‘टर्माइट बाँड आहे,’ म्हणजे वाळवीसाठी कंपनीशी केलेला करार. तो कसला, हे कागदावर वाचा. एका प्रकारात वाळवी परत आली तर कंपनी फक्त पुन्हा फवारणी करते. दुसऱ्यात खाल्लेल्या लाकडाची दुरुस्तीही करून देते. तुमच्या नावावर होतो का आणि दर वर्षी किती भरायचे, तेही विचारा.

माळ्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या बोंड्यांवरून गेलेल्या जुन्या विजेच्या तारा दिसल्या तर आधी विमा कंपनीला फोन करा. असं वायरिंग असलं की बऱ्याच कंपन्या विमा देतच नाहीत. १९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. विकणाऱ्याने माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि तपासणीसाठी तुम्हाला १० दिवस मागता येतात. लहान मूल असेल तर जुन्या खिडक्या कोरड्या घासू नका, ती धूळच घातक. घर ऐतिहासिक भागात असेल तर दर्शनी बाजूचे बदल गावाच्या समितीकडून आधी मंजूर करून घ्यावे लागतात. प्लास्टिकच्या खिडक्यांना सहसा नकार मिळतो. तीन वर्षांसाठी मी तरी हे लचांड विकत घेणार नाही. पहिलं वर्ष भाड्याने राहा. इंटरनेट मात्र नेमक्या त्या पत्त्यावर येतं का, हे भाड्याच्या घरालाही विचारा.

तुमच्या स्वतःच्या कामाचं आधी बघा. जे-२ वर (जे-१ वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) कामाचा परवाना मिळतो. वेव्हरची नोकरी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असते, म्हणजे तुम्ही एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर येता आणि तो परवाना संपतो. सर्वसाधारणपणे नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी नोकरी देणाऱ्याने भरायचा अर्ज) मंजूर झाल्यावरच पुन्हा अर्ज करता येतो. ती फाइल कधी भरणार, हे करारावर सही करण्याआधी हॉस्पिटलला विचारा. बाळाचा विचार असेल तर बाळंतपणाची सोय किती मैलांवर आहे तेही. ग्रामीण भागात अनेक हॉस्पिटलांनी तो विभाग बंद केला आहे.

मुलांच्या शाळेबाबत एक गोष्ट घराचा एजंट बोलणार नाही. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने शाळांतली वर्णभेदी विभागणी ताबडतोब संपवायला सांगितली, आणि त्या दोन-चार वर्षांत दक्षिणेत गोऱ्या मुलांसाठी खासगी ‘अकॅडमी’ निघाल्या. शाळेचं स्थापना वर्ष १९७० च्या आसपासचं असेल तर आज पटावर कोणकोणती मुलं आहेत ते बघून घ्या. ती सुंदर घरं कापसाच्या पैशावर आणि गुलामांच्या श्रमावर उभी राहिली. रेल्वेच्या रुळांच्या अलीकडे-पलीकडे कोण राहतं, हे बऱ्याच गावांत अजून दिसतं. गावकुसाची कल्पना आपल्याला काही नवी नाही.

रीतभात कडक, पण सोपी. वडीलधाऱ्यांना ‘येस मॅम’, ‘नो सर’. ओळखीच्या बाईंना पहिल्या नावाआधी ‘मिस’. समोरच्या गाडीतून स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं जातं, तुम्हीही उचला. दिवे लावलेल्या गाड्यांची रांग समोरून आली तर ती अंत्ययात्रा. कडेला गाडी थांबवायची. ‘चर्च कोणतं?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यात येणारच. बहुतेकदा ते तुम्हाला कुठल्या खणात ठेवायचं एवढंच विचारत असतात. ‘आम्ही हिंदू, घरीच पूजा करतो’ म्हणा. आमंत्रण आलं तर चर्चच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) जा, प्रवचनाला जायलाच हवं असं नाही. शेजारीण केसरोल (भांड्यातच भाजलेला पदार्थ) आणून देईल, भांड्याच्या तळाला नावाची चिकटपट्टी असेल. भांडं धुऊन, त्यात काहीतरी घालून परत करा. रिकामं भांडं परत न करण्याची रीत तिकडेही आहे. जुनी माणसं ‘डिनर’ म्हणजे दुपारचं जेवण म्हणतात, रात्रीचं ते ‘सपर’. एवढ्यावरूनही लोक चुकीच्या वेळी दारात उभे राहिले आहेत.

शाकाहारी असाल तर खरी अडचण हॉटेलात. ‘व्हेजिटेबल प्लेट’ मागितली की कॉलर्डची पालेभाजी, घेवडा, चवळी, मॅकरोनी-चीज येतं (हो, तिकडे ते भाजीत धरतात). पालेभाजी आणि शेंगभाज्या बहुधा डुकराच्या हाडावर किंवा चरबीत शिजवलेल्या असतात, कॉर्नब्रेडच्या तव्याला बेकनचं तूप असू शकतं, बिस्किटांत (तिकडचे मऊ पाव) लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. ‘यात मीट आहे का?’ विचारलं तर ‘नाही’ म्हणतील, कारण तुकडा काढून ठेवलेला असतो. ‘शिजवताना पोर्क घातलं होतं का?’ असं विचारा. घरी मात्र चैन: उन्हाळ्यात भेंडी आणि ओली चवळी शेतावरून मिळते. डाळी-पिठं महिन्यातून एकदा अटलांटाजवळच्या डीकेटरमधल्या भारतीय दुकानांतून भरा. गणपतीला अटलांटाचं महाराष्ट्र मंडळ आहे. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात ओल्या शेंगा उकडत असतात. चव आपलीच. फक्त साध्या मागा; ‘केजन’ म्हटलं की तिखट मसाला आणि कधीकधी सॉसेजही आलं.