कॅन्सर नसलेल्या पॅराथायरॉइडच्या गाठीसाठी ऑपरेशन करायलाच हवं का?

तुमच्या आईचं कॅल्शियम ११.२, पीटीएच (थायरॉइडमागच्या छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं, रक्तातलं कॅल्शियम वाढवणारं हार्मोन) वाढलेलं, पण स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून घरचे ‘थांबू या’ म्हणताहेत. हे ‘थांबू या’ आमच्या घरीही खूप चाललं.

माझ्या आईचं कॅल्शियम वर्षानुवर्षं अकराच्या पुढे होतं. रिपोर्टवर त्या आकड्याशेजारी ठळक ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) छापलेला असायचा, तिकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मुतखडा झाला, तर म्हणे पाणी कमी पिता. हाडं ठिसूळ निघाली, तर वय झालं, आणि वर कॅल्शियमच्याच गोळ्या! थकवा, विसराळूपणा हा स्वभाव ठरला. शेवटी एका एंडोक्रायनॉलॉजिस्टने कॅल्शियम आणि पीटीएच एकत्र तपासायला लावलं. कॅल्शियम चढलं की पीटीएच उतरायला हवं. तिचं दोन्ही चढलेलं, म्हणजे संशय पॅराथायरॉइडवरच.

पण सेस्टामिबी स्कॅन कोरा आला आणि दादाने तेच धरून ठेवलं, ‘गाठच दिसत नाही तर मान कशाला कापायची?’ अहो, निदान रक्तावरून होतं! गाठ कुठे आहे हे सर्जनला कळावं म्हणून स्कॅन असतो, आणि लहान गाठी त्यातून निसटतात. आईची फोर-डी सीटीत (जास्त बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) सापडली, थायरॉइडच्या मागे, डावीकडे खाली. गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी टेबलावरच पुन्हा रक्त घेतलं. पीटीएच १८६ वरून २९. हे हार्मोन रक्तात काही मिनिटंच टिकतं, म्हणून ते निम्म्याहून खाली आलं की नेमकी ग्रंथी निघाली हे तिथल्या तिथे कळतं.

दादा अजूनही म्हणतो, साधी तर गाठ होती. होतीच साधी. यात कॅन्सर शंभरात एखाद्यालाही निघत नाही. पण हाडांतलं कॅल्शियम ओढून काढायला गाठ कॅन्सरची असावी लागत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आधी डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) आणि किडनीची सोनोग्राफी करा. मुतखडा असेल, टी-स्कोअर (डेक्सातला हाडांच्या घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल, वय पन्नाशीच्या आत असेल, तर थांबू नका. यातलं काहीच नसेल आणि डॉक्टरांनाही ऑपरेशनचं दुसरं कारण दिसत नसेल तर नियमित तपासण्या करत थांबता येतं, हेही खरं.

आणि हो, २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम बघितल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका. ते फारच कमी असेल तर आजार आनुवंशिक असू शकतो, त्यात ऑपरेशनचा उपयोग नसतो. लिथियम (मानसिक आजारावरची) किंवा थायझाइडची (रक्तदाबावरची) गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सर्जन अशी ऑपरेशनं नेहमी करतो का, हे स्पष्ट विचारा. आवाजाची नस तिथूनच जाते.