डिस्क बिघडली की ड्रायव्हर चुकला?

कमांड आणि लॉगमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत. मशीनवर ते इंग्रजी लिपीतच टंकायचे.

प्रश्न (लातूर): दाळ मिलच्या हिशेबाचं लिनक्स मशीन भर दुपारी अर्धा मिनिट गोठतं. डीमेसेजमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, संदेशांच्या नोंदीत) ‘फ्रोझन’ आणि ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ अशा ओळी दिसतात. ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा कर्नलचा भाग) बदलावा का?

उत्तर: इतक्यात नको. ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ ही ड्रायव्हरची सावरण्याची धडपड आहे, दुखणं तिच्या वरच्या ओळींत असतं. अर्ध्या मिनिटालाही कारण आहे. लिनक्स एका डिस्क-कमांडसाठी ३० सेकंद थांबतो आणि उत्तर आलं नाही की पोर्ट गोठवून लिंक रीसेट करतो. त्या घटनेची अगदी पहिली ओळ शोधा. ‘यूएनसी’ असेल तर डिस्कला मागितलेला सेक्टर (डिस्कवरचा ठरावीक मापाचा छोटा तुकडा) वाचता आला नाही. ‘आयसीआरसी’ असेल तर माहिती केबलवर बिघडली. नुसतं ‘टाइमआउट’ असेल तर डिस्कने उत्तरच दिलं नाही, मग वीज, डिस्कचं फर्मवेअर (तिच्यातला अंगभूत प्रोग्राम) किंवा हरवलेला इंटरप्ट (काम झाल्याचा इशारा) यांपैकी काहीही असू शकतं.

त्यानंतर स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्राम) चालवून तीन क्रमांकांपुढचे आकडे बघा: ५ (बदलून टाकलेले खराब सेक्टर), १९७ (वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले सेक्टर) आणि १९९ (केबलवरच्या चुका). फक्त १९९ वाढत असेल तर साटा केबल बदला. हा आकडा पुन्हा खाली येत नाही, म्हणून आजचा वहीत लिहून ठेवा आणि आठवड्याने ताडून बघा. १९७ शून्याच्या वर असेल तर बाकी सगळं सोडून आधी बॅकअप घ्या.

दुपारच्या वेळेचा संशय विजेवर आणि उष्णतेवर जातो. मिल चालू असताना एसएमपीएसची (मशीनच्या वीजपुरवठ्याच्या डब्याची) पिवळी तार ११.४ ते १२.६ व्होल्ट आणि लाल तार ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दाखवायला हवी. मोटर सुरू होतानाचा क्षणिक झोका मल्टिमीटर पकडत नाही, तेव्हा मशीन दोन दिवस चांगल्या यूपीएसवर चालवून बघा. पंख्यात दाळीचा भुसा अडकला असेल तर तो काढा. मे महिन्यात बंद खोलीत डिस्क ५५ अंशांच्या पुढे जायला वेळ लागत नाही.

हे सगळं ठीक असूनही त्रास राहिला, तर त्या डिस्कच्या क्यू-डेप्थ फाइलमध्ये (सिस-फोल्डरमधली कर्नलची सेटिंग) १ लिहा. त्याने कमांडची रांग बंद होते. गोठणं थांबलं तर दोष रांग सांभाळणाऱ्या फर्मवेअरमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. ड्रायव्हरवर बोट ठेवायची वेळ इथे येते, त्याआधी नाही.

प्रश्न (नांदेड, अभियांत्रिकीचा विद्यार्थी): जुन्या स्पार्क प्रोसेसरच्या वर्कस्टेशनसाठी बीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली प्रणाली) कर्नलचा स्कझी (डिस्क जोडायची जुनी पद्धत) ड्रायव्हर मी सुधारला. ४ जीबीच्या डिस्कवर पहिला १ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक असतं, पुढे फाइल-सिस्टिमच मोडते. प्रत्येक सेक्टर लिहून लगेच वाचला, चाचणी पास झाली. मग चूक कुठे?

उत्तर: १ जीबी या आकड्यातच उत्तर आहे. स्कझीची सहा बाइटची वाचन-लेखन कमांड सेक्टरच्या क्रमांकाला फक्त २१ बिट देते. २१ बिटांत २०,९७,१५२ सेक्टर मावतात. प्रत्येकी ५१२ बाइट धरले की बरोबर १ जीबी होतो. पुढच्या क्रमांकाचे वरचे बिट गळून पडतात. २०,९७,१६८ क्रमांकाच्या सेक्टरवर लिहायला सांगितलं की ड्रायव्हर ते १६ व्या सेक्टरवर लिहितो. पहिलं पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीपासून असेल तर जुन्या यूएफएसचा (बीएसडीच्या फाइल-सिस्टिमचा) सुपरब्लॉक, म्हणजे तिची मुख्य नोंद, ८ केबीवर, म्हणजे नेमका याच १६ व्या सेक्टरवर असतो. फाइल-सिस्टिम मोडली ती अशी.

तुमची चाचणी पास झाली कारण वाचतानाही तेच बिट गळतात. चुकीच्या जागी लिहिलं आणि त्याच चुकीच्या जागेवरून वाचलं, तर जुळणारच. म्हणून प्रत्येक सेक्टरमध्ये त्याचा स्वतःचा क्रमांक लिहीत आधी संपूर्ण डिस्क भरा, आणि मगच पहिल्यापासून वाचत या. शून्य क्रमांकाच्या सेक्टरमध्ये २०,९७,१५२ किंवा त्याची पट सापडली की गुन्हेगार सापडला. डिस्क यात कोरी होते, तेव्हा कामाची डिस्क मुळीच वापरू नका.

दुरुस्ती करताना सरळ दहा बाइटची कमांड वापरा, तिच्यात क्रमांकाला ३२ बिट मिळतात. जुन्या डिस्कने ‘इलिगल रिक्वेस्ट’ म्हणजे सेन्स-की (चुकीचा प्रकार सांगणारा आकडा) ५ परत केली तरच सहा बाइटवर या, आणि तेही मागणीचा शेवटचा सेक्टर २१ बिटांत बसत असेल तेव्हाच. इथे एक खाच आहे. सहा बाइटच्या कमांडमध्ये सेक्टर-संख्या शून्य म्हणजे २५६ सेक्टर, तर दहा बाइटच्या कमांडमध्ये शून्य म्हणजे काहीच हलवू नको. एकीचा कोड दुसरीत तसाच उचलला तर २५६ सेक्टरची प्रत्येक मागणी चुकते.

अशाच भिंती पुढेही आहेत: आयडीई (साटाच्या आधीची जोडणी) डिस्कच्या २८ बिटांची १२८ जीबीवर, ३२ बिटांची २ टीबीवर, आणि सेक्टर-क्रमांक चिन्हासहित ३२ बिट इंटमध्ये ठेवला असेल तर १ टीबीवरच. बिघाड यांपैकी एखाद्या आकड्यावर सुरू होत असेल तर कंट्रोलरकडे बघण्याआधी कोडमधले व्हेरिएबलचे टाइप तपासा.

प्रत्यक्ष मशीनवर दर वेळी कर्नल चढवायची गरज नाही. क्यूएमू हा प्रोग्राम स्पार्कस्टेशन ५ या मशीनची नक्कल करतो आणि त्यात ईएसपी स्कझी कंट्रोलरही असतो. तिथे दहा वेळा डिस्क मोडली तरी काही जात नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): आमच्या कार्डासाठी लिहिलेला लिनक्स ब्लॉक ड्रायव्हर दिवसभर नीट चालतो. मेमरी भरत आली की पूर्ण मशीन अडकतं, ‘१२० सेकंदांहून अधिक ब्लॉक्ड’ असा संदेश येतो.

उत्तर: लेखनाच्या वाटेवर तुमचा ड्रायव्हर जीएफपी-कर्नल या फ्लॅगने (मेमरी मिळेपर्यंत थांबायची मुभा देणाऱ्या) मेमरी मागत असणार. मेमरी नसली की कर्नल साचलेली पानं डिस्कवर लिहून जागा करू बघतो. ती डिस्क तुमच्याच ड्रायव्हरच्या हाती, आणि ड्रायव्हर मेमरीसाठी थांबलेला. दोघे एकमेकांची वाट बघत बसतात. त्या वाटेवर जीएफपी-नोआयओ (मेमरीसाठी डिस्कवर लिहायला न लावणारा फ्लॅग) वापरा आणि किमान एक मागणी पुरी होईल इतकी मेमरी मेमपूलमध्ये (कर्नलच्या राखीव साठ्यात) आधीच राखून ठेवा. नुसता फ्लॅग बदलून भागत नाही, कारण तशी मागणी अपयशीही ठरू शकते. खात्रीसाठी ऑल्ट, सिसआरक्यू आणि डब्ल्यू एकदम दाबा, म्हणजे अडकलेल्या प्रोसेस लॉगमध्ये दिसतात. त्यांच्या स्टॅकमध्ये (चालू फंक्शनांच्या यादीत) तुमचं फंक्शन आणि त्याच्या वर मेमरी वाटपाची फंक्शनं दिसली की निदान पक्कं.

प्रश्न (परभणी): खराब डिस्क हाताशी नसताना एरर हाताळणीचा कोड कसा तपासावा?

उत्तर: हा कोड क्वचितच चालतो, म्हणून सर्वाधिक बग त्यातच दडून राहतात. तपासायचा विचार केलात हे फार बरं झालं. स्कझी-डीबग हे कर्नलचं मॉड्यूल (हवं तेव्हा जोडायचा भाग) ‘ऑप्ट्स’ २ देऊन चढवा. ८ एमबीची खोटी डिस्क तयार होते आणि तिच्या ४६६० ते ४६६९ क्रमांकांपैकी कोणताही सेक्टर वाचला की मीडियम एरर (डिस्कचा पृष्ठभाग खराब असल्याची एरर) येते. आजूबाजूचं नीट वाचलं जावं, त्या जागी मात्र एरर परत यावी आणि प्रोसेस लटकू नये. यातून तपासला जातो तो वरचा थर. स्वतःच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर तपासायचा तर टाकाऊ साटा डिस्कवर एचडीपार्म (डिस्कच्या सेटिंगचा प्रोग्राम) याच्या ‘मेक-बॅड-सेक्टर’ने सेक्टर मुद्दाम खराब करा आणि नंतर ‘रिपेअर-सेक्टर’ने दुरुस्त करा.

प्रश्न (बीड): लाइट गेल्यावर सेव्ह केलेल्या फाइल रिकाम्या सापडतात. हा ड्रायव्हरचा बग आहे का?

उत्तर: बहुधा नाही. प्रोग्रामने एफसिंक (माहिती आत्ता डिस्कवर लिही, असं कर्नलला सांगणं) केलं नसेल, तर माहिती डिस्कपर्यंत पोहोचलेलीच नसते. एफसिंक होत असूनही असं घडलं, तर डिस्कची राइट-कॅश (लिहायची माहिती तात्पुरती ठेवायची तिची मेमरी) एचडीपार्म उणे डब्ल्यू शून्य देऊन बंद करा आणि त्याच चाचणीत लाइट पाडून बघा. लेखन मंदावेल. फाइल टिकू लागल्या तर फ्लश कमांड (कॅश रिकामी करून डिस्कवर लिहायचा हुकूम) वाटेत कुठेतरी हरवते आहे. यूएसबी केसमधली डिस्क असेल तर पहिला संशय त्या केसच्या ब्रिज-चिपवर घ्या आणि डिस्क थेट साटाला जोडून पुन्हा तपासा.

प्रश्न (धाराशिव): जुन्या कर्नलवर डिस्क चालते, नव्यावर नाही. मधल्या हजारो बदलांतून दोषी कसा शोधू?

उत्तर: गिट बायसेक्ट (बदलांची यादी दर वेळी मधोमध कापून शोधणारी कमांड) वापरा. दर वेळी उरलेले बदल निम्मे होतात, त्यामुळे ८,००० बदलांसाठी साधारण १३ वेळा कर्नल बांधावा लागतो. त्याआधी बग दर वेळी हमखास दिसेल अशी चाचणी तयार करा. तो दहातून तीनदाच दिसत असेल, तर एकदा चाचणी पास झाली म्हणून ‘गुड’ लिहू नका, निदान दहा वेळा चालवा. एक जरी ‘गुड’ चुकीचा पडला तर सगळा शोध भलत्याच बदलावर जाऊन थांबतो. शेवटी सापडलेला बदल नव्या कर्नलमधून उलटवून बघा. डिस्क चालली तरच तो दोषी.