वाचकांचे प्रश्न : बाटली बुडवण्याआधी भरतीचा तक्ता बघा

मे महिना संपत आला की गोव्यात पदवीच्या वर्गांतली मुले बाटल्या, दोऱ्या आणि वह्या घेऊन नदीकाठी दिसू लागतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रे त्यांची, त्यांच्या शिक्षकांची आणि काळजीत पडलेल्या पालकांची आहेत.

आम्ही चौघे मांडवीचे पाणी तपासतो, दर सोमवारी सकाळी ९ वाजता, ठरलेल्या जागी. डिचोली तालुक्यातल्या एका जागी विद्युतवाहकता (पाणी खारट तितकी ती जास्त) एका सोमवारी १४,००० मायक्रोसीमेन्स आली, पुढच्या सोमवारी २४,००० आणि त्यापुढच्या सोमवारी पुन्हा १५,०००. मीटर बिघडला असे सर म्हणतात. नवा घ्यावा का? – बी.एस्सी. दुसरे वर्ष, माशेल

पैसे वाचवा. १,४१३ मायक्रोसीमेन्सचे प्रमाण द्रावण विकत मिळते, त्यात मीटर बुडवा. दोन-तीन टक्क्यांच्या आत आकडा आला तर मीटर ठणठणीत आहे. खाडीकडच्या जागांसाठी १२,८८० चे द्रावणही एकदा लावून पाहा. गोड्या पाण्यावर जुळवलेला मीटर खाऱ्यात थोडा भरकटू शकतो.

चूक मीटरची नाही, सोमवारची आहे. आपल्याकडे एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून रोज ती सुमारे ५० मिनिटे उशिरा दिसते. सात दिवसांत हा उशीर सहा तासांच्या जवळ जातो. म्हणजे या सोमवारी ९ वाजता ओहोटी, आपली सुकती, असेल तर पुढच्या सोमवारी त्याच वेळी भरती असणार. एक आठवडा तुम्ही म्हादईचे, म्हणजे मांडवीच्या वरच्या अंगाचे, पाणी मोजता आणि दुसरा आठवडा अरबी समुद्राचे. तुमचे तीन आकडे नेमके हेच सांगताहेत.

उपाय दोन आहेत. सोपा उपाय म्हणजे १४ दिवसांनी एकदा जाणे. वार तोच, घड्याळ तेच, आणि भरतीची अवस्थाही जवळजवळ तीच. फरक पडतो चाळीसेक मिनिटांचा. चंद्राची स्थितीही जुळते, त्यामुळे उधाणाची (मोठ्या भरतीची) तुलना उधाणाशी होते आणि भांगाची (लहान भरतीची) भांगाशी. दर आठवड्याला जायचेच असेल तर घड्याळ सोडा आणि सुकती धरा. सर्वांत खालच्या पाण्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंतची वेळ घ्या. वरच्या खोऱ्यातून आणि गावांच्या गटारांतून काय येते ते सुकतीलाच कळते, भरतीला समुद्र ते झाकून टाकतो. एकाच दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात, तेव्हा सकाळची आणि संध्याकाळची बाटली एकमेकींशी ताडून पाहू नका.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यात मुरगाव बंदराच्या वेळा मिळतात. त्या मुखाजवळच्या आहेत. मांडवीत भरती आत सुमारे ५० किलोमीटर, थेट गांजेपर्यंत जाणवते आणि वर जाताना उशिरा पोचते. तुमच्या जागी किती उशिरा, हे एका दिवसात काढता येते. एका बांबूवर दर १० सेंटिमीटरला रंगाची रेघ मारा, तो धक्क्याला घट्ट बांधा आणि दर १५ मिनिटांनी पाणी कुठल्या रेघेवर आहे ते लिहा. पाणी उलटते ती वेळ वजा तक्त्यातली वेळ, एवढेच गणित. एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला करा. चारही जागा एकाच सुकतीत उरकायच्या असतील तर मुखाकडून सुरुवात करून वर सरका, म्हणजे सुकती तुमच्याबरोबर वर येते. सोयीचा रस्ता बऱ्याचदा उलटा असतो, आणि तिथेच सगळे फसतात.

जुलैत आणखी एक घोळ होतो. पावसाचे गोडे पाणी हलके, ते वरून समुद्राकडे वाहते आणि जड खारे पाणी तळाने आत घुसते. पणजीच्या बाजूला वरची बाटली जवळजवळ गोडी आणि तळाची खारट निघू शकते. मे महिन्यात पाणी वरपासून तळापर्यंत बरेचसे एकसारखे असते, तेव्हा वरची एक बाटली चालते. पावसाळ्यात दोन लागतात, आणि प्रत्येकीवर खोली लिहावी लागते.

विंकलर पद्धतीने काढलेला विद्राव्य प्राणवायू मुलांना ९ ते ९.५ येतो. पाणी लालसर गढूळ आहे. एवढा प्राणवायू खरा मानावा का? – शिक्षिका, डिचोली

मानू नये. २८ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राइतक्या खाऱ्या पाण्यात ६.४ च्या आसपास. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात दुपारी यापेक्षा जास्त भरतो, पण गढूळ नदीत तसे होण्याचे कारण नाही. (पणजीजवळ ६ आला म्हणून घाबरणाऱ्यांनीही हेच आकडे पाहावेत. तिथे ६ म्हणजे चांगले पाणी.)

पहिला संशय शेवटी थेंबथेंब सोडायच्या थायोसल्फेटवर घ्या. हे द्रावण ठेवून ठेवून कमजोर होते. कमजोर द्रावण जास्त लागते आणि उत्तर फुगते. ते उकळून गार केलेल्या शुद्ध पाण्यात करा, गडद बाटलीत ठेवा आणि दर आठवड्याला ०.०२५ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेटशी ताडून घ्या.

दुसरा संशय बाटली भरण्यावर. बादलीतून ओतले की हवा मिसळते. बारीक रबरी नळी ३०० मिलिलिटरच्या बीओडी बाटलीच्या तळाला टेकवा, पाणी शांतपणे भरू द्या आणि बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहून जाऊ द्या. काचेचा बूच तिरपा लावा. बाटली उलटी केल्यावर बुडबुडा दिसला तर ती ओतून पुन्हा भरा, बोटाने टिचक्या मारून बुडबुडा घालवू नका.

मग १ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि १ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही पिपेटचे टोक पाण्याखाली ठेवून. बूच लावून बाटली पंधरा-वीस वेळा उलटीसुलटी करा. आत चहाच्या चोथ्यासारखे तपकिरी पुंजके तयार होतात आणि हळूहळू खाली बसतात. पुंजके पांढरे राहिले तर पाण्यात प्राणवायू नाही. गाळ अर्ध्या बाटलीपर्यंत बसला की पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या. खाऱ्या पाण्यात तो बसायला आळस करतो, तिथे दोन मिनिटे थांबलात तरी पुरे. आता १ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला, गाळ विरघळून सोनेरी रंग येतो. त्यातले २०१ मिलिलिटर घेऊन थायोसल्फेट सोडत जा. रंग वाळल्या गवतासारखा फिका झाला की मगच स्टार्चचे थेंब टाका. आधी टाकले तर आयोडीन स्टार्चला धरून बसते आणि शेवट नीट कळत नाही. निळा रंग पहिल्यांदा गेला तिथे थांबा; थोड्या वेळाने तो परत आला तर लक्ष देऊ नका. जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर.

तुमच्या भागात तिसरे कारण मोठे असू शकते. खाणपट्ट्यातल्या लाल गाळात लोह असते. आम्ल घातल्यावर ते विरघळते, आयोडाइडमधून जादा आयोडीन सोडते आणि तुम्ही तोच प्राणवायू म्हणून मोजता. पाणी फार गढूळ असेल तर आधी गाळ बसवा. लिटरभराच्या बुचाच्या बाटलीत नमुना काठोकाठ भरून १० टक्के तुरटीचे १० मिलिलिटर द्रावण आणि १ ते २ मिलिलिटर अमोनिया घाला, मिनिटभर हलक्या हाताने फिरवा, दहा मिनिटे ठेवा आणि वरचे नितळ पाणी नळीने बीओडी बाटलीत घ्या. अझाइड विषारी आहे, आम्ल भाजते. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि उरलेले सगळे एका कॅनमध्ये भरून प्रयोगशाळेत परत न्या. नदी तपासायला जाऊन तीच रसायने नदीत ओतलेली अनेकदा दिसतात.

साळ नदीच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड पट्टीची बाटली एका रात्रीत काळी झाली. पाणी अंघोळीला अयोग्य असे अहवालात लिहावे का? – मडगाव

फक्त त्या बाटलीवरून नको. विष्ठेतले जंतू ओळखणारी ती चाचणी पिण्याच्या पाण्यासाठी आहे आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. उघड्या नदीत ती बहुधा काळीच होणार. त्यात खारफुटीच्या चिखलाला मुळातच सल्फाइडचा कुजका वास असतो. तो गाळ बाटलीत गेला तर विष्ठेचा अंश नसतानाही पट्टी काळी पडू शकते.

अंघोळीबद्दल बोलायचे तर आकडा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा आहे. प्राणवायू ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी (घाण कुजताना जंतू खातात तो प्राणवायू) ३ किंवा कमी, सामू ६.५ ते ८.५. साळचे नाव २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहेच, तेव्हा तुमचा संशय रास्त आहे. पण तो एमपीएन, म्हणजे जंतूंची संभाव्य संख्या काढणाऱ्या, चाचणीने सिद्ध करा. बाटली १२१ अंशांवर १५ मिनिटे निर्जंतुक केलेली हवी. तोंड प्रवाहाकडे धरून ती पाण्याखाली वीतभर खोल उघडा आणि वर बोटभर जागा रिकामी ठेवा. बर्फात ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या बाटलीचा आकडा कागदावर लिहूच नका. बीओडी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात. परदेशी पुस्तकातला २० अंशांचा पाच दिवसांचा आकडा शेजारी लिहिताना हा फरक नोंदवा.

टीडीएसचे (विरघळलेले क्षार मोजणारे) पेन आणि स्वस्त सामू मीटर यांवर काम भागेल का? – उच्च माध्यमिक विद्यालय, पेडणे

पावसाळ्यात भागेल, उन्हाळ्यात शापोऱ्याच्या मुखाकडे नाही. बहुतेक पेने ९,९९० मिलिग्रॅम प्रतिलिटरवर थांबतात, समुद्राचे पाणी त्याच्या साडेतीन पट खारट. एक भाग नमुना आणि नऊ भाग शुद्ध पाणी असे पातळ करून वाचा आणि १० ने गुणा, अंदाज बरा मिळतो. हातात धरायचा, खारेपणा दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर उत्तम, पण २-३ भाग प्रतिहजारच्या खाली त्यावर विश्वास नको.

सामू मीटर ७ आणि ४ च्या बफरवर रोज जुळवा. पावसाळ्यातल्या क्षार कमी असलेल्या पाण्यात काटा स्थिरावायला दोन-तीन मिनिटे घेतो आणि मुले दहाव्या सेकंदाला आकडा लिहितात. काचेचे टोक शुद्ध पाण्यात बुडवून ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा. लेबल पेन्सिलने लिहा. पावसात बॉलपेन पसरते.

मुलाला जुलैत नदीवर पाठवावे का? – पालक, कुडचडे

पाण्यात न उतरता काम होत असेल तर पाठवा. पुलावरून दोरीला बांधलेली बादली, तीन वेळा विसळून, हे पुरेसे असते. पायाला जखम असेल तर काठावरही नको, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस तापाचे) जंतू तिथून शिरतात. नंतरच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी आली तर नदीवर गेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा. होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसायचे नाही. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तिथे काठावर वाकून बाटली भरायची नाही.

पहिल्या पावसानंतर आमच्या खाजनात (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात) मानशीच्या, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या दाराच्या, आत मासे मेलेले तरंगत होते. विद्यार्थ्यांनी दुपारी २ वाजता प्राणवायू मोजला तर ६. मग मासे मेले कशाने? – तिसवाडीतील शेतकरी

दुपारी २ चा आकडा रात्रीबद्दल काही सांगत नाही. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेच शेवाळ, जंतू आणि मासे तो वापरतात, आणि सर्वांत कमी पातळी उजाडण्याच्या सुमाराला येते. पहिला पाऊस उन्हाळाभर साचलेला पालापाचोळा, शेण, गटारातली घाण एकदम आत आणतो आणि ते कुजायला प्राणवायू खाते. जोडीला खारेपणा झटकन उतरतो. यातले काय घडले हे ठरवायला त्याच पहाटे, साडेसहाच्या आत, तापमान, खारेपणा, प्राणवायू आणि सामू मोजायला हवे होते. मासे मरण्याआधी पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकत होते का, तेही विचारून घ्या. तसे असेल तर प्राणवायूचीच शंका बळावते.

कीटकनाशक किंवा कारखान्याच्या पाण्याचा संशय असेल तर नमुना काचेच्या बाटलीत घ्या, झाकणाखाली ॲल्युमिनियमचा पातळ कागद ठेवा आणि बर्फात ठेवा. मात्र कोणावर कारवाई व्हावी अशी इच्छा असेल तर विद्यार्थ्यांच्या बाटलीचा उपयोग नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या २१ व्या कलमानुसार सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन घ्यावा लागतो, त्याचे दोन भाग करून सीलबंद करावे लागतात. म्हणून गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच सकाळी कळवा. मानस उघडून एक भरती आत आली की तपासायला फारसे काही उरत नाही.