८६ गुण, ७१ टक्के आणि साडेचार तारे : गेमच्या गुणांविषयी वाचकांचे प्रश्न

सेलचे दिवस जवळ आले की या सदराकडे एकाच जातीचे प्रश्न येतात : अमुक गेमला इतके गुण आहेत, घेऊ का? या वेळी आलेल्यांपैकी पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (नाशिक) : एका गेमला मेटाक्रिटिकवर ८६ गुण आहेत आणि स्टीमवर त्यालाच ७१ टक्के. खरं कोणाचं मानायचं?

उत्तर : दोघांचंही. फक्त दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. मेटाक्रिटिक हे परीक्षणं गोळा करणारं संकेतस्थळ समीक्षकांचे गुण शंभरांत बदलून घेतं (पाचपैकी चार तारे म्हणजे ८०) आणि त्यांची भारित सरासरी काढतं. कुठल्या प्रकाशनाला किती वजन, हे ते सांगत नाही. ७५ आणि त्यावर हिरवा चौकोन, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल.

स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान. तिथला टक्का म्हणजे सरासरी नव्हेच. रिव्ह्यू देणाऱ्या शंभर खेळाडूंपैकी किती जणांनी अंगठा वर केला, एवढाच तो आकडा. नव्वद जणांनी ‘ठीक आहे, चालतंय’ म्हणून अंगठा वर केला तरी गेमला ९० टक्के पडतात. त्यामुळे तो दहावीच्या मार्कांसारखा वाचू नका. शेऱ्यांचं गणितही माहीत असावं : किमान ५० रिव्ह्यू आणि ८० टक्क्यांवर गेलं की ‘व्हेरी पॉझिटिव्ह’, ५०० रिव्ह्यू आणि ९५ टक्क्यांवर ‘ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह’, ४० ते ६९ टक्के म्हणजे ‘मिक्स्ड’. रेल्वे चालवण्याच्या सिम्युलेटरला ९६ टक्के दिसले, तर ते रेल्वेवेड्यांनी दिलेले ९६ टक्के असतात. बाकीचे तो विकत घ्यायलाच गेलेले नसतात.

८६ आणि ७१ मधली दरी बहुतेक वेळा तीन कारणांनी पडते. समीक्षकाला गेम फुकट मिळतो, तुम्ही चार-पाच हजार रुपये मोजता. तो चांगल्या मशीनवर खेळतो. आणि तो प्रकाशनाच्या आधी खेळतो, म्हणजे गर्दीने कोलमडणारे सर्व्हर आणि नंतर गेममध्ये घुसवलेलं विक्रीचं दुकान त्याने पाहिलेलं नसतं. म्हणून अशी दरी दिसली की गेम वाईट आहे असं लगेच धरू नका. आधी दोष तांत्रिक आहे की पैशांचा, ते शोधा. स्टीमवरचे दहा ताजे नकारात्मक रिव्ह्यू वाचले की ते कळतं.

मेटाक्रिटिकवरच्या ‘युजर स्कोअर’कडे मात्र आम्ही बघत नाही. तिथे गेम विकत घेतल्याचा पुरावा लागत नाही. २०२० पासून प्रकाशनानंतर ३६ तास थांबावं लागतं, एवढीच काय ती गाळणी. स्टीमवर निदान गेम खात्यात असावा लागतो, रिव्ह्यू देणारा किती तास खेळला ते दिसतं, आणि फुकट मिळालेला कोड (‘की’) वापरून लिहिलेले रिव्ह्यू २०१६ पासून टक्क्यात धरले जात नाहीत.

प्रश्न (कोल्हापूर) : नव्वदीच्या वर गुण पाहून गेम घेतला, माझ्या पाच वर्षं जुन्या पीसीवर तो अडखळतो. परीक्षकांना हे दिसत नाही का?

उत्तर : दिसतं, पण जे त्यांना दिलं जातं तेवढंच. ‘सायबरपंक २०७७’ हे याचं ठळक उदाहरण. डिसेंबर २०२० मध्ये प्रकाशनाआधी परीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती मिळाली होती, आणि व्हिडिओत गेम बनवणाऱ्या कंपनीने दिलेलीच दृश्यं वापरायची अट होती. पहिले गुण नव्वदीत गेले. १० डिसेंबरला लोकांनी जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर) गेम लावला तेव्हा खरी अवस्था समोर आली. आज पीसीचा आकडा ८६ आहे, प्लेस्टेशन ४ चा ५७. गेम एकच, आणि तब्बल २९ गुणांचा फरक! प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, तो परत आला जून २०२१ मध्ये. पुढे २०२३ च्या २.० पॅचने (मोठ्या अपडेटने) गेम इतका बदलला की आधीच्या परीक्षणांतली निम्मी वाक्यं आज लागू होत नाहीत. पण मेटाक्रिटिकवरचा आकडा जिथल्या तिथेच आहे.

म्हणून आधी गुण कुठल्या प्लॅटफॉर्मचे आहेत ते बघा, मग तारीख बघा. स्टीमवर एकूण शेऱ्याशेजारी गेल्या ३० दिवसांचा वेगळा शेरा असतो. जुन्या गेमसाठी तोच धरायचा.

तुमच्या पीसीचा निकाल मात्र कोणताच आकडा देणार नाही. तो रिफंडच्या मुदतीत स्वतःच लावायचा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ, ही मर्यादा आहे. या दोन तासांत लोक फसतात ते असे : पहिल्यांदा गेम उघडल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होतात, त्यात काही गेम दहा-वीस मिनिटं खातात आणि घड्याळ तेव्हाही चालू असतं. काही गेमचा स्वतःचा लाँचर (गेमच्या आधी उघडणारी खिडकी) असतो, तो नुसता उघडा राहिला तरी वेळ मोजला जातो. रात्री गेम उघडाच ठेवून झोपलात, तर रिफंड गेलाच म्हणायचा. जास्त पैसे देऊन मिळणाऱ्या आगाऊ प्रवेशातले तासही आता याच दोन तासांत धरतात.

स्टीमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) दिसतात तो आकडा चालू करा. सुरुवातीची दृश्यकथा वगळा, कारण गेमचा सगळ्यात गुळगुळीत भाग बहुधा तोच असतो. थेट गर्दीच्या जागी जा : बाजार, शहर, पावसातली लढाई. ग्राफिक्स मध्यमवर ठेवून तिथे पंधरा मिनिटं काढा. आकडा कमी आहे पण स्थिर आहे, तर सेटिंग खाली आणून काम भागतं. आकडा बरा आहे पण दर काही सेकंदांनी झटका बसतो, तर मेमरी किंवा हार्ड डिस्क अपुरी पडत असेल, नाहीतर खोट गेमच्याच बांधणीत असेल. सेटिंग उतरवून, गेम एसएसडीवर (वेगवान डिस्कवर) हलवूनही झटके तसेच राहिले, तर दीड तासाच्या आत अर्ज करून मोकळे व्हा.

प्लेस्टेशनवर ही सोय नाही. तिथे डाउनलोड सुरू झालं की गेम सदोष असल्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत. शंका असेल तर डिस्क घ्या, नाही पटली तर विकता तरी येते.

प्रश्न (पुणे) : आपल्या पुण्यात बनलेल्या ‘राजी’ला सत्तरीच्या आसपासच गुण दिसतात. म्हणजे गेम सुमार आहे का?

उत्तर : नाही. पण गुण अन्यायाने कमी पडलेत असंही नाही. गेमच्या परीक्षणांत शंभराची फूटपट्टी प्रत्यक्षात साठपासून सुरू होते. त्यामुळे सत्तर म्हणजे ‘काही गोष्टी छान, काही खटकणाऱ्या’. यात महत्त्वाचा प्रश्न हा, की सगळ्यांनी सात-सात दिलेत की निम्म्यांनी नऊ आणि निम्म्यांनी पाच. सरासरी दोन्हीकडे सारखीच येते, गेम मात्र वेगळे असतात.

त्यासाठी एक सोपी रीत आहे. सगळ्यात वरचे दोन आणि सगळ्यात खालचे दोन रिव्ह्यू उघडा, मधले सोडा. वरच्यांनी ज्याचं कौतुक केलंय त्यालाच खालच्यांनी नावं ठेवली असतील (संथ गती, कठीण लढाई, कमी संवाद), तर तो आवडीनिवडीचा मामला आहे, आणि तुमची आवड तुम्हाला ठाऊक आहे. खालचे दोघं गेम बंद पडण्याबद्दल, सेव्ह उडण्याबद्दल बोलत असतील, तर ती खोट आहे आणि ती सगळ्यांनाच भोवेल.

२०२० मध्ये आलेल्या ‘राजी’ला ही रीत लावली की चित्र स्वच्छ दिसतं. कौतुक कशाचं? पौराणिक कथा, वास्तुकला, छायाबाहुल्यांच्या शैलीतले कथाप्रसंग. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही होतं. तक्रार कशाची? लढाईत एकसुरीपणा, कॅमेरा हलवता येत नाही, आणि पाच-सहा तासांत गोष्ट अचानक तुटते. लढाईसाठीच गेम खेळणाऱ्याने तो घेऊ नये. दोन संध्याकाळी डोळे भरून काही पाहायचं असेल त्याने सेलमध्ये जरूर घ्यावा. हा निर्णय सत्तर या आकड्यातून निघाला नसता.

प्रश्न (ठाणे) : लोक ठरवून एखाद्या गेमला निगेटिव्ह रिव्ह्यू देतात. मग स्टीमच्या टक्क्याला अर्थ काय उरतो?

उत्तर : रिव्ह्यूंचा मारा झाला म्हणजे तो खोटाच असतो असं नाही. मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’च्या पीसी खेळाडूंना प्लेस्टेशनचं खातं जोडणं सक्तीचं होणार असं जाहीर झालं. अनेक देशांत ते खातं अधिकृतपणे काढताच येत नाही. दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले आणि काही दिवसांत सोनीने निर्णय मागे घेतला. त्या आठवड्यात भारतातल्या खेळाडूने काय समजायचं होतं? खेळ तोच होता, आणि प्लेस्टेशनचं खातं इथे काढता येतं. म्हणजे राग खरा, पण आपल्या खरेदीवर त्याचा परिणाम थोडा.

स्टीमच्या पानावर रिव्ह्यूंचा आलेख असतो, तो उघडा. एकाच आठवड्यात लाल खांब उभा दिसला तर त्यावर क्लिक करून त्या दिवसांतले रिव्ह्यू वाचा, पाच मिनिटांत कारण कळतं. लाल रंग महिनोन्‌महिने हळूहळू वाढताना दिसला तर जास्त सावध व्हा. बिघडत चाललेल्या ऑनलाइन गेमचं ते लक्षण आहे.

आता थोडं दुसऱ्या बाजूबद्दल. या आकड्यांचा खेळाडूवर होतो त्याहून मोठा परिणाम गेम बनवणाऱ्यांवर होतो. ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तरच बोनस मिळणार होता. मिळाले ८४. आज या मालिकेतला सगळ्यात लाडका भाग म्हणून अनेक खेळाडू त्याचंच नाव घेतात.

प्रश्न (डोंबिवली) : मुलाला मोबाइलवर एक गेम हवा आहे. प्ले स्टोअरवर साडेचार तारे आहेत. द्यावा का?

उत्तर : मोबाइलच्या ताऱ्यांना आम्ही सगळ्यात कमी किंमत देतो. बरेच गेम लेव्हल जिंकल्या जिंकल्या, मूल खुशीत असतानाच तारे मागतात. तारे सोडा, नावाखालच्या बारीक ओळी वाचा : जाहिराती आहेत का, ॲपमधली खरेदी आहे का. गेमच्या माहितीत एका वस्तूची किंमत किती रुपयांपासून किती रुपयांपर्यंत, तेही लिहिलेलं असतं. वरची रक्कम काही हजारांत असेल तर गेम फुकट नाही, हप्त्यांवर आहे. मग एक आणि दोन ताऱ्यांचे सगळ्यात नवे रिव्ह्यू उघडा. ‘दर लेव्हलनंतर जाहिरात’ अशी तक्रार तीन-चार जणांनी केली असेल तर ती खरी धरा.

आणि गेम देण्याआधी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी चालू करा. पासवर्ड मुलाला माहीत नसावा, आणि पडताळणी बोटाच्या ठशाने होणार असेल तर त्या फोनमध्ये मुलाचा ठसा नोंदवलेला नसावा.