प्रेमकथेतील वर्गभेद कुठे ठेवावा: एका तरुण पटकथाकारास पत्र

प्रिय मित्रा,

तुझ्या पटकथेचा पहिला खर्डा मी लक्षपूर्वक वाचला. गरीब मुलगी, श्रीमंत मुलगा आणि त्यांच्या प्रेमाच्या आड येणारा मुलाचा उर्मट मित्र हा साचा १९८०च्या दशकातील अमेरिकी हायस्कूलपटांनी रूढ केला. तो वापरण्यास माझी हरकत नाही. मात्र तुझ्या खर्ड्यात सारा वर्गभेद त्या मित्राच्याच तोंडी आला आहे आणि त्यामुळे नायक आयताच निर्दोष ठरतो, हे मला खटकले.

१९८६चा ‘प्रिटी इन पिंक’ या दृष्टीने पुन्हा पाहा. जॉन ह्यूज यांनी लिहिलेल्या आणि हॉवर्ड ड्यूच यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटातील अँडी रेकॉर्डच्या दुकानात काम करते. आई घर सोडून गेलेली आहे आणि वडिलांना धड नोकरी नाही. तिच्यावर प्रेम करणारा श्रीमंत मुलगा ब्लेन तिला गाडीतून घरी सोडू पाहतो, तेव्हा आपण कुठे राहतो हे त्याला दिसू नये म्हणून ती रडकुंडीला येते. त्याचा श्रीमंत मित्र स्टेफ जे हिणवतो, त्या सगळ्यापेक्षा हा प्रसंग अधिक बोलतो, कारण त्या क्षणी तिला कोणीही कमी लेखलेले नसते; ज्याच्यावर तिचा जीव जडला आहे, त्याच्या नुसत्या नजरेचीच तिला धास्ती वाटते. पुढे प्रॉमचे, म्हणजे शाळेच्या वर्षअखेरच्या नृत्यसोहळ्याचे, आमंत्रण देऊन, आपण आधीच दुसऱ्या मुलीला विचारले होते असे सांगत ब्लेन माघार घेतो. दडपण मित्राचे असले, तरी ते खोटे ब्लेनचे स्वतःचे आहे.

या चित्रपटाच्या मूळ शेवटात अँडी तिच्याच परिस्थितीतल्या जुन्या मित्रासोबत, डकीसोबत राहत होती. चाचणी खेळाच्या प्रेक्षकांना ते रुचले नाही, म्हणून शेवट नव्याने चित्रित करून तिला ब्लेनकडे पाठवण्यात आले. मला दोन्ही शेवट अपुरे वाटतात. पहिल्यातून ज्याने त्याने आपल्या पायरीने राहावे असा अर्थ निघू शकतो, तर दुसऱ्यात ब्लेन काही गमावल्याशिवाय, चार शब्दांच्या माफीवर सुटतो.

पुढच्याच वर्षी ह्यूज आणि ड्यूच यांनीच ‘सम काइंड ऑफ वंडरफुल’ केला आणि तिथे मुलगा गरीब आहे. कीथ कॉलेजसाठी साठवलेले पैसे अमांडासाठी हिऱ्यांच्या कुड्यांवर खर्च करतो. अमांडा मात्र त्याच्याच कष्टकरी वस्तीतली असून श्रीमंत मुलांच्या घोळक्यात वावरणारी आहे, आणि ही व्यक्तिरेखा मला फार मोलाची वाटते: वर्गाची रेघ येथे दोन घरांमधून न जाता एकाच मुलीच्या आतून जाते.

तुझ्या नायिकेला असे काही दे. नायकालाही एकदा तरी भित्रा होऊ दे, आणि त्या भित्रेपणाची किंमत कोण मोजते ते प्रसंगातून दिसू दे. चूक पोटात घालणे एकाला परवडते आणि दुसऱ्याला परवडत नाही, यातच तुझ्या कथेचे खरे नाट्य आहे.

नृत्याच्या रात्रीचा प्रसंग तूर्त बाजूला ठेव. त्या उर्मट मित्राला संपूर्ण काढून टाकून मधला भाग पुन्हा लिही आणि तेवढाच आधी मला पाठव.

सस्नेह.