शंका-समाधान : माप हलते, स्लाइड धूसर दिसते

प्रश्न : २० मिमी व्यासाच्या वॉशरचे माप आम्ही सरकत्या पट्ट्याच्या वर बसवलेल्या कॅमेऱ्याने घेतो. मायक्रोमीटरवर सारखे भरणारे नग कॅमेऱ्यात ०.१ मिमीपर्यंत कमी-जास्त येतात. जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : नको. तीच चूक अधिक बारकाईने दिसेल, एवढेच. साधी लेन्स जवळची वस्तू मोठी दाखवते. लेन्सपासून २०० मिमीवरचा वॉशर पट्ट्यासकट १ मिमी उचलला गेला, की प्रतिमा सुमारे अर्ध्या टक्क्याने फुगते. २० मिमीचा अर्धा टक्का म्हणजे नेमके तुमचे ०.१ मिमी. आधी पट्ट्याखाली सपाट आधार द्या. जागा असेल तर जास्त फोकल लांबीची लेन्स लावून कॅमेरा ८०० मिमीवर न्या; तेवढ्याच उचलीला चूक ०.०२५ मिमीवर येते.

याहून काटेकोर माप हवे असेल तर टेलिसेंट्रिक लेन्स घ्यावी लागेल. तिच्यातून अक्षाला जवळपास समांतर येणारे किरणच आत जातात. वस्तू वर-खाली झाली तर कडा धूसर होतील, पण व्यास बदलणार नाही. मात्र पुढचे भिंग वस्तूपेक्षा मोठे लागते, आणि खर्च तिथेच वाढतो. अशी जड लेन्स कॅमेऱ्याच्या आट्यांवर लोंबकळत ठेवू नका. क्लॅम्प लेन्सच्या नळीलाच लावा.

मागून प्रकाश देत असाल तर दिव्याचा उजळ भाग दृश्यक्षेत्रापेक्षा जेमतेम मोठा ठेवा, उरलेला काळ्या कागदाने झाका. नाहीतर तिरके किरण कडेवरून परावर्तित होऊन आत शिरतात आणि व्यास कमी भरतो. पार्श्वभूमीची उजळता (कॅमेऱ्याच्या ० ते २५५ या मोजपट्टीवर) २५५ ला टेकू देऊ नका, २०० च्या आसपास राहू द्या. कॅलिब्रेशनची (ठाऊक मापाच्या खुणांची) काचपट्टी पट्ट्यावर नव्हे, वॉशरच्या वरच्या कडेच्या उंचीवर धरा. हे हमखास राहून जाते.

प्रश्न : सूक्ष्मदर्शकात रक्ताची स्लाइड ४०एक्सच्या (४० पट मोठे दाखवणाऱ्या) भिंगाखाली स्वच्छ दिसली, तेल टाकून १००एक्सखाली धूसर. परत ४०एक्सवर आलो तर तीही धूसर!

उत्तर : दुसऱ्या तक्रारीचे कारण सोपे आहे. ४०एक्सचे टोक स्लाइडपासून जेमतेम अर्ध्या मिमीवर असते, त्यामुळे ते १००एक्ससाठी टाकलेल्या तेलात बुडाले. तेल टाकल्यावर ४०एक्सकडे परत फिरायचे नाही.

१००एक्ससाठी आयपीस (डोळ्याकडचे भिंग) काढून नळीत डोकावा. काळ्या कडेचे वर्तुळ दिसले तर तेलात बुडबुडा आहे. पुसून नवा थेंब टाका. तेल काचेइतक्याच, म्हणजे १.५१५ अपवर्तनांकाचे असते. मध्ये हवा आली की तिरके किरण वाया जातात आणि बारकावे विरतात. कंडेन्सर (स्लाइडखालचे, प्रकाश एकवटणारे भिंग) वर घ्या, त्याची झडप उघडा. तरीही फोकस होत नसेल तर स्लाइड उलटी ठेवली आहे का पाहा : १ मिमी काचेपलीकडे १००एक्सची नजर पोचत नाही. काम झाल्यावर तेल लेन्स पेपरने टिपून घ्या, घासू नका. झायलीन ओतून तर मुळीच साफ करू नका, भिंगांमधला चिकटा सुटतो.