घास पुन्हा अडकतोय, हे मोठेपणी जाईल ना?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका आईचा प्रश्न: ‘मॅडम, चार महिने छान गेले म्हणून औषध थांबवलं. आता पुन्हा घास पाण्याबरोबर ढकलतोय. मोठेपणी जाईल ना हे?’ मुलगा नऊ वर्षांचा. निदान इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस: अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी साचून येणारी सूज. बहुतेकदा खाण्यातलाच एखादा पदार्थ ती भडकवतो, आणि मुलांत दुधाचा नंबर पहिला.

सरळ सांगावं लागतं, बहुतेक मुलांत हा आजार आपोआप जात नाही. औषध किंवा पथ्य चालू असेतो सूज ताब्यात राहते, थांबवलं की बहुतेकांत परत येते. यातून कर्करोग होतो असं आढळलेलं नाही, हे ऐकून ताईंचा जीव भांड्यात पडला. धोका वेगळाच आहे. सूज वर्षानुवर्षं राहिली की नळी ताठ आणि अरुंद होत जाते. स्वित्झर्लंडमधल्या 200 रुग्णांच्या 2013 सालच्या अभ्यासात, दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांपैकी सुमारे 17 टक्क्यांची नळी अरुंद झालेली होती. 20 वर्षांहून जास्त उशीर झालेल्यांत सुमारे 71 टक्क्यांची.

‘पण त्याला त्रास नव्हताच!’ इथेच घरं फसतात. डब्याबद्दल खोदून विचारलं तर वरणभात संपतो, पोळी परत येते. मिसळीचा रस्सा पितो, पावाला हात लावत नाही. आजी याला नखरे म्हणत होत्या. मुलं त्रास चुकवायला शिकतात, सूज तशीच राहते. म्हणून उपचार बदलला की 8 ते 12 आठवड्यांनी एन्डोस्कोपी करून, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून, अन्ननलिकेच्या अस्तराचे वेगवेगळ्या उंचीवरून किमान सहा बारीक तुकडे तपासायचे. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात इओसिनोफिल पेशी 15 पेक्षा कमी, हे पहिलं लक्ष्य. त्वचेवरची ॲलर्जी चाचणी इथे फारशी कामाची नाही. तिच्या भरवशावर पदार्थ बंद करू नयेत.

डॉक्टरांनी बुडेसोनाइड हे सूज कमी करणारं स्टेरॉइड पुन्हा सुरू केलं. रेस्प्यूल (औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी) दम्याचीच, 2 मिलीत 0.5 मिग्रॅ, पण नेब्युलायझरमध्ये घालायची नाही. या वयात साधारण दिवसाला 1 मिग्रॅ, म्हणजे दोन रेस्प्यूल मधात घट्ट कालवून हळूहळू गिळायच्या. पातळ राहिलं तर सरळ पोटात उतरतं. मग चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी होते, आणि अर्धा तास पाणीही नाही. या घरात वर लगेच दुधाचा कप मिळत होता, म्हणजे औषध धुऊनच निघत होतं. औषध स्टेरॉइड असल्याने वाढीवर लक्ष हवं, म्हणून दर भेटीत उंचीही मोजायची.

दूध बंद करून पाहणं मे महिन्याच्या सुट्टीवर ठेवलं. दोन्ही एकदम केलं तर गुण कशाने आला ते कळत नाही. दूध बंद म्हणजे ताक, तूप, पेढ्याचा प्रसाद आणि पाकिटावर ‘मिल्क सॉलिड्स’ किंवा ‘व्हे’ लिहिलेली बिस्किटंही बंद. ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हटलं की सगळी चाचणी वाया. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ, बाकीचा हिशेब आहारतज्ज्ञांकडून.

घास अडकला आणि लाळही गिळता येईना, तर केळं किंवा भाताचा गोळा देऊ नका. माशाचा काटा अडकल्यावरचा तो घरगुती उपाय इथे अंगाशी येतो. काहीही न देता, बसवूनच दवाखान्यात न्या. नाशिकमध्ये रात्री मुलांची एन्डोस्कोपी कुठे होते, ते आपल्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.